ओढणीतला बेलभंडारा

मुरबाडच्या कॉलेजात जिमखान्याच्या मागं एक खोली होती. पाटीवर लिहिलं होतं 'मित्रकक्ष', पण पोरं तिला बेवड्यांची खोली म्हणत. दोन हजार तीन सालची ही गोष्ट. दारू, गुटखा, व्हाइटनर यांच्या नादी लागलेल्या पोरांशी पोरांनीच बोलावं, म्हणून ठाण्याहून चंद्रकला मॅडम यायच्या आणि निवडक मुलामुलींना शिकवायच्या. कसं ऐकायचं, कधी गप्प बसायचं, झटका आला तर कुशीवर कसं वळवायचं. एकानं दारुडा व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचं, असा सराव चालायचा. दारुडा झालेल्याचं सोंग बघून हसता हसता पुरेवाट व्हायची.

धसईच्या वरच्या वाडीतली रंजिता त्यात सगळ्यांत हुशार. मॅडमचं एक बोलणं मात्र तिनं कानाआड केलं होतं.

"कुणाला शपथ घालू नका. रोज पिणारा एकदम थांबला तर शरीर उलटतं. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. वेळेवर उपचार नाही झाले तर जीव जातो. आधी डॉक्टर, मग सोडणं."

रंजिताला वाटलं, हे शहरातल्या माणसांचं असेल. आपल्याकडं देवासमोर बेलभंडारा उचलला, बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शब्द दिला, की माणूस तो फिरवत नाही. तिच्या बापाची तंबाखू अशीच सुटली होती.

तिच्याकडं पहिला आला तो तिच्याच वाडीतला सूरज. शेवटच्या वर्षात अडकून बसलेला, वयानं थोराड.

"रंजे, सकाळी अर्धा ग्लास मारल्याबिगर पेन धरता येत नाय," तो हसत म्हणाला. "कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं अक्षर येतं." मग त्याचं हसू थांबलं. "खरंच नाय येत गो."

मॅडमना विचारावं, डॉक्टरकडं न्यावं, हे राहूनच गेलं. म्हसा गावची बैलांची जत्रा भरलेली होती. बैलांच्या गर्दीतून वाट काढत तिनं त्याला देवापुढं नेलं, तळहातावर बेल ठेवला, हळद ठेवली. "बोल," म्हणाली. सूरज बोलला, आजपासून थेंबाला शिवणार नाय. पुडी बांधून त्यानं ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. आपलं शिकणं फळाला आलं म्हणून रंजिता त्या दिवशी हवेत चालत होती.

दुसऱ्या दिवशी सूरज एस्टीला दिसला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कॉलेजातून आल्यावर ती दप्तरासकट त्याच्या घरी गेली.

दारात त्याची आई, गिरजा मावशी, उभी होती. "ये गो. थेंब नाय घेतला बघ त्यानं. पन रात्रभर झोपला नाय. जरा बघ ना त्याच्याकडं."

आत सूरज भिंतीला टेकून घोंगडीवरचं काहीतरी वेचत होता. सदरा घामानं चिकटलेला. हात सुपात दाणे पाखडल्यासारखे हलत होते. रंजिता समोर पाटावर टेकली.

"रंजे, पाय वर घे. मुंग्या हायत."

घोंगडीवर एकही मुंगी नव्हती. तिनं पाय वर घेतले. तेवढ्यात त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "ही बाई कोन आनलीस घरात?"

मॅडमचं सगळं बोलणं तिच्या कानात परत आलं.

उंबऱ्याशी त्याचा काका कोंडू नारळ, लिंबं मांडून बसला होता. "घाबरू नको. आत शिरलेलं बाहेर पडतंय. शेणवे गावचा भगत निघालाय, सांजेपर्यंत येऊन उतरवील."

"काका, सांजेपर्यंत थांबायला नको. दवाखान्यात नेऊ या."

"तिथल्या औषधात दारू असते का नसते, सांग."

खोटं बोलावं असं तिला वाटलं. देव्हारा समोर होता. "ठाऊक नाय," ती म्हणाली.

"मग? बेलभंडारा मोडला तर देव घरातलं मानूस नेतो. माझ्या आज्ज्याच्या टायमाला नेलाय. उचलायला तूच लावलास, आता मोडायला पन तूच आलीस?"

तिचाही त्यावर तितकाच विश्वास होता. न नेलं तर सूरज जातो, नेलं तर देव कोपतो.

तेवढ्यात सूरजची दातखीळ बसली. अंग ताठ झालं, टाचा जमिनीवर आपटू लागल्या, तोंडाला फेस आला. गिरजा मावशी भिंत धरून खाली बसली. कोंडू कांदा फोडून धावला, तो दातांत घालायला. रंजितानं त्याचा हात धरला. "तोंडात काय नको काका." तिनं सूरजला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचं दप्तर सारलं. सरावात हे करताना सगळे हसले होते.

झटका ओसरला. रंजिता उठली, देव्हाऱ्यातली पुडी घेतली आणि ओढणीच्या टोकाला बांधली.

"उचलायला मी लावला काका. आता हा माझा. मोडला तर देवानं मला न्यावं."

दुसऱ्याचा शब्द असा आपल्यावर ओढून घेता येतो, हे कोंडूला माहीत होतं. पण तसा घेतलेला त्यानं कधी बघितला नव्हता.

"अगो, असं बोलू नको," गिरजा मावशी म्हणाली. "लग्न व्हायचंय तुझं."

"गाडी बघा मावशे."

कोंडू नारळ तसाच टाकून धसईच्या बाजाराकडं पळत सुटला आणि भाजीची जीप घेऊन आला. तो आणि गिरजा मावशीही सोबत चढले.

मुरबाडपर्यंत रंजिता एका हातानं सूरजची छाती चाचपत होती, दुसऱ्या हातानं गाठ. दवाखान्यात सुई टोचली, सलाईन लागलं. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. एसटीडी बूथवरून तिनं मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, शपथेसकट.

"तिथंच थांब," मॅडम म्हणाल्या. "मी निघते."

त्या रागावल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

सकाळी सूरजनं डोळे उघडले. या वेळी त्यानं तिला ओळखलं. "रंजे, मोडली का गो शपथ?"

"तुझ्याकडं नाय ती. माझ्याकडं हाय."

गिरजा मावशीनं तिच्या ओढणीचं टोक हातात घेतलं. घामानं गाठ आवळली होती, तिला दात लावावे लागले. "अर्धा बेलभंडारा मला दे," ती म्हणाली. "आई मी हाय त्याची."

गाठ सुटली तशी पुडीतली हळद खाटेवर सांडायला लागली.

दारातून कोंडू म्हणाला, "सांभाळून गो. खाली पडू देऊ नका."