बागेतली हवा

“मशीन बिघडलेलं नाहीये मॅडम. दुसरं शेजारी लावून बघितलं. दोन्ही सेमच दाखवतायत.”

विकास चाळीच्या गच्चीवरून बोलत होता. शेजारी गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम चाललं होतं. धूळ दातांखाली करकरत होती.

“मला माहितीये रे,” ऑफिसातून रुचा मॅडम म्हणाल्या. “पण वरून सांगितलंय. या एका डब्यामुळे अख्ख्या भागाच्या प्रदूषणाची सरासरी चढते. आजच काढ आणि बागेत लाव.”

“बागेत कोण राहतं, मॅडम?”

“विकास, प्लीज.” फोन बंद झाला.

हवा मोजणारी यंत्रं बसवणं, साफ करणं ही त्याची नोकरी. लालबागच्या या चाळीत तो जन्मला. इथलं यंत्र त्याने ऑफिसच्या मागे लागून बसवून घेतलं होतं. तेव्हापासून मोबाइलवर आकडा लाल झाला की शेजारचे जयवंतकाका चाळीतल्या बायकांना घेऊन साइटच्या गेटवर जायचे, आकडा दाखवायचे, भांडून धुळीवर पाणी मारायला लावायचे. त्या रात्री विकासची आई, सुंदराबाई, आडवी होऊन झोपायची. एरवी दम्यामुळे भिंतीला टेकून बसायची.

त्याने नट-बोल्ट काढायला घेतले. काका वर आले.

“काय रे, सर्व्हिसिंग?”

हो म्हणता आलं असतं. “नाही काका. काढून न्यायला सांगितलंय.”

“मग उद्या गेटवर काय दाखवू? माझं तोंड?”

“मी काय करू? मशीन माझ्या बापाचं आहे काय?”

काका जिना उतरले. विकासने पाना इतक्या जोरात फिरवला की बोट सोललं.

खाली खोलीत त्याने डबा उंबऱ्याशी ठेवला. आईने सगळं ऐकलं होतं.

“नोकरी सोडू काय गं?” तो म्हणाला.

“आणि खाशील काय, धूळ?” तिने डबा मांडीवर ओढला. “लोकांकडे न्यायचा ना? मग असा मळका नेतात काय?”

ती पदराने डबा पुसू लागली. मध्येच खोकल्याची उबळ आली. विकासने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. उबळ ओसरेपर्यंत थांबली, आणि मग उरलेली बाजूही पुसली.