जिवाणी

आमच्या जैनांत पाणी फडक्यानं गाळतात आणि फडक्यावर उरलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतात. लग्न होऊन कोगनोळीहून निपाणीला आल्याला चार-पाच महिने झाले होते. एकदा लांबच्या गोड्या विहिरीवर पुन्हा जायचा मला कंटाळा आला. मी जिवाणी परसातल्या खाऱ्या विहिरीत ओतली.

"जीव मारलीस की गं!" सासूबाई कडाडल्या. त्यांचं दिवसभर असंच चालायचं.

"पाण्यातच सोडले की!" मीही फणकारले.

बेळगावला कॉलेजात शिकणारे धाकटे दीर जेवत होते. त्यांनी काकडीच्या फोडीवर मीठ घातलं. जेवण होईतो फोड पाणी सोडून लुळी पडली.

"वैनी, अंगाच्या पातळ पडद्यातनं पाणी असंच खारटाकडं निघून जातंय. भोवती पाणी असूनबी जीव आतनं वाळतोय."

सासूबाई फोडीकडं बघत राहिल्या, मग माझ्या हाताकडं. लग्नातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या.

त्यांनी गड्याला हाक मारली. "आप्पाण्णा, गाडी जुंप. हिला महिनाभर माहेरी सोडून ये."

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या जिभेला मीठ लई हाय, पोरी."