माझ्या नळीवरचं हळदकुंकू

मी भाईंदरच्या भातगिरणीतला वायुमापक बोलतोय. नाव भारी, काम साधं. कोळशाच्या गॅसमधल्या विषाला ना वास, ना रंग. ते हवेत आलं की माझा काटा वर चढतो.

माझा जन्म परमुलखातला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मोडीत निघालेल्या एका बोटीवरून मी इथे आलो. तेव्हा तेल मिळेना, म्हणून गिरणीचं इंजिन कोळशाच्या गॅसवर चालायचं. त्या गॅसची भट्टी एका कोंदट खोलीत. ती सांभाळायचा शेजारच्या मुर्धा गावचा काळूराम. मी येण्याआधी दोनदा तो तिथे चक्कर येऊन पडला होता.

मला बसवलं चौक गावच्या मॅन्युएल फिटरने. गिरणीचे शेठ म्हणाले, "अंदर लगाव ना, बाहर खारी हवा लगेगी."

"शेठ, आत लावलं तर काटा बघायलाच माणूस आत मरायला जाईल!"

त्याने मला बाहेरच्या भिंतीवर ठोकलं. बॅटरी उघड्या हवेत, लाकडी फळीवर. तारांच्या टोकांना ग्रीस. माझं बटणही बाहेरच, म्हणजे ठिणगी उडाली तरी गॅसपासून लांब. आत गेली ती फक्त माझी तांब्याची नळी, दाराच्या चौकटीलगत. तिचं भोक तांदळाच्या दाण्याएवढं. तेवढ्यातून माझा छोटा पंप हवा ओढायचा. काटा खाली असेल तरच काळूरामने आत जायचं, असं ठरलं.

काळूराम रोज विचारायचा, "काय रं, जाऊ का?" मग काटा बघून माझ्या वतीने स्वतःच म्हणायचा, "जा!" माणसं मोठी मजेशीर.

एका दसऱ्याला त्याची बायको शांती पूजा करायला आली. "ह्याच्यामुलं आमचा मानूस घरला येतो," म्हणत तिने मला ओल्या हळदकुंकवाची बोटं लावली. एक बोट नळीच्या टोकावर, चांगलं दाबून. ते वाळलं, आणि माझा श्वास बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅन्युएलने बटण दाबलं. काटा खालीच. "जा!" म्हणत काळूराम आत शिरला. खोलीत गॅस भरला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

"पंप असा का घरघरतोय?" मॅन्युएलने दारातून वाकून नळी बघितली. हात पुढे केला, तसाच मागे घेतला. तो किरिस्तांव, दुसऱ्याच्या पूजेला बोट कसं लावणार? शांती डबा घेऊन मागेच उभी होती.

"वहिनी, हे नळीवरचं..."

"मंग पूस ना! देव रागवायचा न्हाय." तिनेच पदराने खसाखसा पुसलं.

माझा काटा सरसर चढला.

"काळू, बाहेर ये!" मॅन्युएल श्वास रोखून आत धावला आणि काखेत हात घालून त्याला ओढत उघड्यावर घेऊन आला.

बऱ्याच वेळाने काळूरामने डोळे उघडले. शांती रडत होती. "माज्या हातानं मारलं असतं रं तुला!"

"रडतेस कशाला? डबा कुठं हाय?"

त्या दिवसापासून मॅन्युएल रोज सकाळी नळीच्या भोकाशी कापसाचा तंतू धरायचा. तो ओढला जाऊन चिकटला, म्हणजे माझा श्वास चालू. मगच काटा बघायचा.

आता गिरणीत विजेची मोटर आली. भट्टी मोडली. मी फळीवर पडून आहे, आणि शेठ मला विकणार आहेत. जो कुणी नेईल त्याने मला गॅसच्या खोलीबाहेरच लावावं. आणि रोज आधी कापूस धरावा, बाबांनो. तो भोकाला चिकटला तर माझं खुशाल ऐका. नाही चिकटला, तर मी काहीही सांगितलं तरी आत जाऊ नका.