विसार

आमच्या गावात विसार म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. जनावर ठरलं, हातावर थोडी रक्कम ठेवली, की ते जनावर तुमचं. उरलेले पैसे देऊन न्यायचं तेवढं बाकी. माझे यजमान सिलासराव तलवाड्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. त्यांना हे वेगळं शिकवायला नको होतं.

पेरणीच्या आधी त्यांनी मंडळीतल्याच साखराबाईंच्या म्हशीला विसार दिला. बाई विधवा, एकट्या. दसऱ्याला म्हैस आणायची आणि सहकारी संस्थेला दूध घालायचं, असा यांचा बेत. पण पाऊस आलाच नाही. चारा संपला, जनावरांचे भाव पडले आणि यांनी म्हशीचं नावच टाकलं. "विसार बुडाला तर बुडाला," म्हणाले, "बाई समजून घेतील." सांगायला मात्र गेले नाहीत. साखराबाई समोरून आल्या की आमचे पाळक चपलेचा अंगठा बघत चालायचे. मीही गप्प बसले. दुष्काळात दारात आणखी एक तोंड कोणाला हवं?

दसरा गेला, नाताळ गेला. साखराबाई म्हशीबरोबर संस्थेच्या चारा छावणीत राहायला गेल्या. एकदा बाजारात जनावरांचे व्यापारी सत्तारभाई भेटले. म्हणाले, "दोनदा मागितली ती म्हैस. भाव बी बरा देत व्हतो. बाई म्हणती, पाळकसाहेबाचा विसार घेतलाय." मी भाजी न घेताच घरी आले. यांना सांगितलं, तर हे पवित्र शास्त्र उघडून बसले. देवाचा माणूस, लपायलाही जागा तीच.

आणि त्या रविवारी याच माणसाने उपदेशाला विषय घेतला देवाच्या वचनांचा. देवाने आपला आत्मा आपल्या अंतःकरणात विसार म्हणून ठेवला आहे, असं प्रेषित सांगतो. तो शब्द आला आणि हे रंगात आले. "विसार दिला म्हणजे तुम्ही त्याचे झालात. आभाळ कोरडं जाऊ दे, बाजार पडू दे, तो तुम्हाला न्यायला येणारच. आपण फिरलो तरी तो फिरत नाही. विसार देऊन तोंड लपवणारा आपला देव नाही." माझी मान आपोआप खाली गेली. यांना स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

बायकांच्या बाजूने साखराबाई उठल्या. पदर सावरत त्यांनी सरळ विचारलं, "मंग पाळकसाहेब, आमच्या म्हशीला कवा येताव?"

कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. यांचा चेहरा पार उतरला. "उद्या," एवढंच म्हणाले आणि शेवटची प्रार्थना न करताच खाली बसले.

उरलेल्या पैशांसाठी माझ्या पाटल्या गेल्या. मी कुरकुर केली नाही, तोंडच नव्हतं. छावणीत सगळी जनावरं शेणाने माखलेली, कारण टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. एकच म्हैस धुतलेली होती, शिंगांना तेल लावून उभी. आपल्या वाटणीचं पाणी साखराबाईंनी तिच्या अंगावर घातलं होतं. त्यांचे स्वतःचे ओठ फुटलेले होते. मला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

यांनी ठरलेली पूर्ण रक्कम बाईंच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "बाई, खरं सांगतो. मी येणार नव्हतो."

"ठाऊक हाय," साखराबाई म्हणाल्या. "दसऱ्यालाच कळलं व्हतं."

"मग सत्तारभाईंना का दिली नाही?"

त्यांनी दावं सोडून यांच्या हातात दिलं. "विसार मी घेतला व्हता न्हवं? तुमी फिरलाव म्हणून मी कावून फिरू?"

आदल्या दिवशी हेच यांनी देवाविषयी सांगितलं होतं, सगळ्या मंडळीसमोर, हात उंचावून. आम्ही दोघं दावं धरून खाली बघत उभे राहिलो, आणि म्हैस काही केल्या साखराबाईंना सोडून आमच्यामागे यायला तयार होईना.