एकदाच विचारलं

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन मंगळवारी, इराणमध्ये केरमानला. माहनूशची तोंडी परीक्षा बुधवारी, इटलीत तोरीनोत. मध्ये दोन विमानं आणि तेहरानहून पुढे रेल्वेचा लांबलचक प्रवास. कुठल्या तरी एकाच ठिकाणी असता येणार होतं.

हे तिला कळलं फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पास्ता खात होती, कारण घरातल्या एकुलत्या एका टेबलावर तिच्याबरोबर राहणाऱ्या इलारियाचे नकाशे पसरले होते. फोनमध्ये बाबा हसत होते.

"एक व्हॉल्व बदलायचाय," ते म्हणाले. "जन्मभर बसची इंजिनं उघडली मी. आता माझं उघडतायत. फिट्टंफाट."

"कधी?"

"पुढच्या मंगळवारी. नऊ दिवस आहेत अजून."

माहनूशने काटा खाली ठेवला. "बाबा, मी येऊ का?"

"छे छे! येऊन काय करणार? डॉक्टरच्या हातात पाने-पक्कड देणार? तुझी परीक्षा आहे ना? परीक्षा दे."

गोष्ट इथेच घडून गेली. पण ती कळायला माहनूशची तोरीनोतली पहिली दोन वर्षं माहीत हवीत.

केरमानमध्ये पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हणत नाही. चहा विचारला की 'नको.' पुन्हा विचारला की 'उगाच कशाला त्रास.' तिसऱ्यांदा विचारला की 'बरं, तुमचा शब्द कसा मोडू.' आणि तिसऱ्यांदा विचारतातच. याला तिकडे तआरोफ म्हणतात. लहान मुलाला चालायला शिकवतात तसं हेही शिकवतात, आणि मोठेपणी कुणाला आठवतही नाही की हे कधी शिकलो होतो. नकारात होकार किती आणि नकार किती, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. न ओळखणारा माणूस उद्धट तरी असतो, नाहीतर परका.

हे सगळं शहाणपण घेऊन माहनूश बांधकाम शिकायला तोरीनोला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात उपाशी झोपली. तेव्हा ती सिन्योरा पिएरा नावाच्या एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहत होती. बाईंनी वाल आणि जवाचं सूप केलं होतं, घरभर वास सुटला होता. दारातून डोकावून त्यांनी विचारलं, "घेणार?" माहनूश म्हणाली, "नको, आभारी आहे." बाई म्हणाल्या, "बरं," आणि पातेल्यावर झाकण ठेवून टीव्ही बघायला गेल्या. माहनूश बराच वेळ खोलीचं दार किलकिलं ठेवून बसली होती. बाई काही परत आल्या नाहीत. त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

दुसऱ्या वेळी प्रकरण सुपावर भागलं नाही. जुन्या पुलांची मोजणी करायला प्राध्यापक चार विद्यार्थ्यांना जेनोव्हाला नेणार होते. वर्गाबाहेर त्यांनी तिला विचारलं, "येतेस का? तुझं गणित चांगलं आहे." आनंदाने तिचे कान गरम झाले. मान खाली घालून ती म्हणाली, "माझ्याहून लायक पुष्कळ आहेत, सर." प्राध्यापकांनी मान डोलावली आणि माहनूशच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचं नाव लिहून घेतलं.

त्या दिवशी इलारियाने तिला फैलावर घेतलं. इलारिया कुनेओकडच्या डोंगरातली, सरळ बोटाने तूप काढणारी मुलगी. तोवर दोघी चार नंबरच्या ट्रामच्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर एकत्र राहायला लागल्या होत्या.

"तुला जायचं होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग नाही का म्हणालीस?"

"नाही कुठे म्हणाले? त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं."

"अगं बाई, इथे एकदाच विचारतात! दुसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याला वाटतं, आपण काय बोललो ते या माणसाला कळलं नाही."

मग इलारियाने तालीम सुरू केली. जाता-येता काहीतरी पुढे करायची. "संत्रं?" "हवं." "माझा जुना कोट?" "नको, भयाण आहे." पहिल्या-पहिल्यांदा माहनूशची जीभ अडखळायची, अंगावर काटा यायचा. दीड वर्षाने ती पटकन हो म्हणू लागली, पटकन नाही म्हणू लागली, आणि दुसऱ्याचं नाही म्हणजे नाही असं समजू लागली. हे जमल्याचा तिला अभिमानही वाटायचा. एखादं कठीण यंत्र चालवता यायला लागावं तसा.

तर त्या रविवारी बाबा म्हणाले, "परीक्षा दे," आणि माहनूश म्हणाली, "बरं बाबा. मग नाही येत."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं, नेहमीसारखी लाइन गेली. मग बाबा म्हणाले, "शाब्बास." आईने फोन घेतला आणि केरमानच्या थंडीबद्दल बोलत राहिली. आई कधी थंडीबद्दल इतकं बोलत नसे.

फोन ठेवल्यावर माहनूशला हलकं वाटलं. हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण वाटलं खरं. हा पेपर आता सुटला तर पुढची तारीख जूनमध्ये, तोवर अर्धं वर्ष फुकट, आणि गुण भरले नाहीत तर शिष्यवृत्तीवर पाणी. बाबांनी स्वतःच नको म्हणून तिची सुटका केली होती. तिने उरलेला पास्ता गरम केला आणि संपवला.

मग ते नऊ दिवस आले, आणि ते आधीच्या सगळ्या दिवसांसारखेच होते. सकाळी आठच्या आधी अभ्यासिकेच्या दारात रांग. आत शिरलं की खुर्च्यांवर मफलर टाकून जागा धरायच्या. यंत्रातली कडू कॉफी. खिडकीबाहेर धुकं, आणि धुक्यापलीकडे डोंगर आहेत असं नुसतं म्हणायचं. तुळया, भार, वाक, ताण. संध्याकाळी ट्राम, डब्यातले घेवडे, हीटरवर वाळत घातलेले मोजे. मोज्यांचा वास, भिंतीला आलेली बुरशी आणि सहा वाजताच काळोख. या गावात माणूस आठवडाभर कुणालाही न शिवता राहू शकतो.

गुरुवारी तिने फोनवर लिहिलं, 'बाबा, खरंच येऊ नको ना?' बोट बटणावर ठेवून ती बसून राहिली.

"काय झालं?" इलारियाने विचारलं.

"परत एकदा विचारावं म्हणतेय."

"का? नको म्हणाले ना ते?"

"हो. पण आमच्याकडे..."

"तुमच्याकडे काय? मोठा माणूस आहे, शुद्धीवर आहे, स्पष्ट बोलला. परत विचारणं म्हणजे तुमच्या शब्दाला मी किंमत देत नाही असं सांगणं. मला राग आला असता."

इलारियाने हे प्रेमानेच सांगितलं होतं. माहनूशने अक्षरं पुसली. तिला पुसायचीच होती, इलारियाने फक्त निमित्त दिलं. आपल्या सोयीचं बोलणारा माणूस आपल्याला नेहमी शहाणा वाटतो.

मंगळवारी संध्याकाळी आईचा निरोप आला. झालं, नीट झालं, झोपलेत. माहनूश खुर्चीतच रडली, मग तोंड धुऊन तिने पुन्हा पुस्तक उघडलं.

बुधवारी परीक्षेच्या खोलीबाहेर दहा मुलं भिंतीला टेकून पुटपुटत उभी होती. तिचं नाव सहावं पुकारलं गेलं. आत तिने फळ्यावर तुळई काढली, एकदा चुकली, सुधारली. प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "तीसपैकी सत्तावीस. मान्य?" इथे परीक्षक असं विचारतात, गुण पटले नाहीत तर नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येतं.

"मान्य," माहनूश म्हणाली. एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून.

बाहेर कमानींखाली इलारिया उभी होती. तिने मिठी मारली आणि म्हणाली, "आधी घरी फोन कर."

फोन तूरानमावशीने उचलला. तूरान ही आईची थोरली बहीण. घराण्यातली सगळी तआरोफ बाकीच्यांच्या वाट्याला गेल्यामुळे हिच्या वाट्याला नुसती जीभ आली, असं बाबा म्हणायचे.

"पास झालीस?"

"हो मावशी. सत्तावीस. बाबा कसे आहेत?"

"पडलेत. नळ्या लावल्यात. जगतील." मग म्हणाली, "मी बोलणार नव्हते. तुझ्या आईने शपथ घातलीय. पण माझ्या पोटात राहत नाही. ऑपरेशन सकाळी आठला होतं, माहितेय?"

"आई तर दुपारी आहे म्हणाली होती."

"दुपारी केलं. तुझ्या बापाने डॉक्टरच्या हातापाया पडून करून घेतलं. मला दुपारी घ्या म्हणाला. का, तर तेहरानची गाडी साडेनऊला येते."

माहनूश कमानीच्या खांबाला टेकली.

"नऊपासून दाराकडे तोंड करून बसला होता. पोटात पाण्याचा थेंब नाही. साडेअकराला म्हणाला, गाडी उशिरा असेल. एक वाजता म्हणाला, चला, न्या."

"मावशी, पण त्यांनीच नको म्हटलं होतं."

"मग काय म्हणायला हवं होतं? ये म्हणायला हवं होतं? परीक्षा सोड आणि माझ्या उशाशी येऊन बस, असं बापाने लेकीला सांगायचं? लाज नाही का त्याला? तू किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"एकदा," मावशीने तेच पुन्हा म्हटलं. "अगं, गॅसची टाकी घेऊन येतो त्या माणसालाही आम्ही चहाला तीनदा विचारतो."

त्यानंतर दहा दिवस बाबा फोनवर आले नाहीत. झोपलेत, आई म्हणायची. आत्ताच डोळा लागला. नर्स आलीय. माहनूश वर्गात जायची, ट्रामने परत यायची, घेवडे गरम करायची. इलारिया दोनदा म्हणाली, "त्यांना तू यायला हवी होतीस तर सांगायचं ना तसं!" आणि माहनूशला तिला ओरबाडावंसं वाटलं. इलारियाचं चुकलं नव्हतं. बाबांचंही चुकलं नव्हतं. दोन्ही भाषा येणारी या सगळ्यांत एकटी माहनूश होती, आणि तिने नेमकी आपल्या फायद्याची भाषा ऐकली होती.

अकराव्या दिवशी तिने तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशीचं, इस्तंबूलमार्गे. मग घरी फोन लावला आणि आईला म्हणाली, "आता झोपलेत सांगू नकोस. मी थांबते."

तिला बराच वेळ थांबावं लागलं. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि आई कुजबुजत होती, कपड्यांची खसखस होत होती. मग फोन सरळ झाला.

बाबा पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, मोठ्या सोफ्यावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, पाणी लावून विंचरलेले केस. आतल्या पट्ट्यांमुळे शर्ट छातीवर फुगला होता. दोन वर्षं हा माणूस तिच्याशी बनियनवर, गादीवर लोळत, दाताने बिया फोडत बोलत आला होता.

"सलाम, माहनूशखानुम," ते म्हणाले; खानुम म्हणजे बाईसाहेब. "आपण आठवण काढलीत, फार बरं वाटलं. प्रकृती कशी आहे? आपल्या मैत्रीणबाई बऱ्या आहेत ना? तिकडे थंडी फार असेल."

तिने त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता येतं. पण बाबा अगदी मनापासून, अदबीने विचारत होते.

"बाबा, मी उद्या निघतेय. मंगळवारी पोचते."

"आपली पावलं आमच्या डोळ्यांवर," बाबा म्हणाले. बस डेपोचे साहेब घरी आले होते, तेव्हा बाबांनी हेच शब्द वापरले होते. "पण अभ्यास मोडून तसदी घेऊ नये."

"मला यायचंय."

"नको, नको. आम्ही ठीक आहोत."

"मी येणारच, बाबा. तुम्ही कितीही नको म्हणा."

"आपली मर्जी. घर आपलंच आहे."

"बाबा, मला रागवा ना. मी चुकले. मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"रागावण्यासारखं काय आहे त्यात?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आपण विचारलंत. मी सांगितलं. आपण ऐकलंत." मग त्यांनी हात छातीवर ठेवला, पट्टीच्या जरा वर. "आपला फार वेळ घेतला. आपल्याला निघायची तयारी असेल."

आणि ते उठायला लागले. पाहुणा निघाला की केरमानमध्ये यजमान बसून राहत नाही. पडद्याबाहेरून आईचा आवाज आला, "अहो, बसा! टाके!" बाबांनी सोफ्याचा हात धरला, ओठ दाबले आणि शरीर हळूहळू वर उचललं. त्यांचा चेहरा पडद्याच्या वर निघून गेला. समोर शर्टाची बटणं तेवढी राहिली, आणि श्वासाबरोबर ती वरखाली होत होती.

"बाबा, बसा. पाया पडते तुमच्या, बसा."

"आधी आपण," वरून आवाज आला.

ती फोन ठेवत नाही तोवर ते बसणार नव्हते. तिने फोन ठेवला.