नाचण पाखराचा पहारा

यंदा विकायच्या मासोळ्या मी आंगणातल्या निंबाखालीच वाळत घातल्या. वर फांदीले नाचण पाखरांचं घरटं होतं.

"कावळे खातीन सारं," माझा नवरा श्यामलाल बोलला.

"येऊ तं द्या, वर पहारा हाये," मी म्हटलं.

कावळा उतरला. मुठीएवढी नाचण शेपटीचा पंखा उघडून त्याच्या डोक्यावर तुटून पडली. कावळा पळाला. मासोळ्यांवरच्या माशाही तिनं पिलांले चारल्या. मी बिनधास्त बाजाराले गेली.

परत आली तं श्यामलाल डोकं चोळत उभा.

"तुयी पाखरं टोचतेत! दोनच मासोळ्या भाजाले उचलून राहिलो होतो."

"मंग?" मी म्हटलं. "त्यायले मी चोर हाकलाले ठेवलं हाये, नवरा ओळखाले नाई."