नाव मागायला आलेला भाऊ

आमच्या बाबांचं नाव सध्या फॅशनमध्ये आलंय. बघा, काय दिवस आले! बागेत उभं राहून त्या नावानं हाक मारा, घसरगुंडीवरची दोन-चार पोरं तरी वळून बघतील. मोबाईलवर त्याचा अर्थ देतात, ‘तेजस्वी राजा’. राजा म्हणे! कुठल्या राजानं भट्टीत कोळसा लोटला होता, जरा सांगा मला.

खरा अर्थ आम्हा काचभट्टीवाल्यांना विचारा. पूर्वी रात्री भट्टी बंद करताना एक निखारा राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी त्याच्यावरच जाळ पेटवायचे. आमच्या जुन्या बोलीत त्या निखाऱ्याला जे म्हणत, तेच हे नाव. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे जगलेल्या मुलाला ते ठेवायचे. पुढे मालकलोक भट्टीवरच्या कुणालाही त्याच नावानं हाका मारू लागले. माणसाचं खरं नाव विचारायचे कष्ट कोण घेणार? तेव्हापासून शिकल्यासवरल्या घरांत हे नाव हलकं ठरलं. बाबा मात्र ते ताठ मानेनं सांगायचे.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. हे नाव परस्पर ठेवायचं नाही. घरातलं जे कोणी भट्टीवर असेल, त्याच्याकडे ते मागायचं. तेही भट्टीसमोर, सगळ्या कामगारांदेखत, आधी आपण कुणाचे कोण ते मोठ्यानं सांगून. बाबांनंतर भट्टीवर मी आले. म्हणजे नाव द्यायचं की नाही, हे माझ्या हातात.

आता माझा थोरला भाऊ. तोंडानं मी त्याला दादा म्हणते, मनात काय म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. काचसामानाच्या शोरूमचा मालक आहे. बाबांच्या भट्टीवरच्या कमाईवर शिकला आणि शिकल्याबरोबर बाबांची लाज वाटायला लागली. लग्न ठरलं तेव्हा सासरी सांगितलं, वडील कारखान्याचे मॅनेजर होते, आता हयात नाहीत. आम्हाला बोलावणंही नव्हतं. तरी बाबा गेले. मला सोबत घेऊन, स्वतः फुंकलेली निळी फुलदाणी कागदात गुंडाळून. दारात उभे राहिले, बाही जळलेला तोच शर्ट अंगात. दादानं बघितलं. सासरा शेजारीच होता. ओळख निघेल म्हणून या महाशयांनी काय करावं? बापाला नावानं हाक मारली! एकेरी, मालक मारतात तशी. वर म्हणाला, “उभा काय राहिलास? पाहुण्यांना पाणी दे.”

आणि बाबांनी दिलं हो. ट्रे उचलला आणि ओळीनं सगळ्यांना पाणी दिलं. मुलाचं लग्न मोडू नये म्हणून. त्यानंतर कुणी नाव विचारलं की नुसतं आडनाव सांगायचे. माझ्या बापाचं नाव त्या माणसानं त्यांच्याच तोंडातून काढून घेतलं. तेव्हापासून मी वाट बघत होते.

दादाला नातू झाला. सुनेला मोबाईलवर हेच नाव आवडलं. त्यात तिच्या नवऱ्यानं, माझ्या भाच्यानं, माझ्याकडून ऐकलेली ही रीत तिला सांगून ठेवलेली. ती हरखलीच. “आत्या, आम्ही रीतसर मागायला येतो,” म्हणाली. दादानं टाळायची खटपट केली, पण सून नर्स आहे, भल्याभल्यांना इंजेक्शन देते, ती कसली ऐकतेय! शेवटी दादाही आला. त्याला वाटलं असेल, बहीणच आहे, घेईल सांभाळून.

पाळी बदलायची वेळ होती, सगळे कामगार जमलेले. सून बाळाला घेऊन मागे, तिचे आईवडील तिच्या शेजारी. भट्टीचं दार उघडं.

“बोल दादा,” मी म्हटलं. “कुणाचा कोण?”

“अगं, सगळ्यांना माहीत आहे.”

“मला ऐकायचंय.”

घामानं निथळत होता. “इथल्या... इथल्या मॅनेजरचा...”

जुने कामगार खो-खो हसले. सून त्याच्याकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं. लग्न, शर्ट, ट्रे, हाक, सगळं. एक अक्षर वगळलं नाही. काय गार वाटलं म्हणून सांगू, त्या धगीसमोर!

“खरं आहे हे?” सुनेनं विचारलं.

दादानं मान खाली घातली. “मी भट्टीवाल्याचा मुलगा,” म्हणाला आणि रडायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही विरघळणार. मी कशाला विरघळतेय?

“नाव दिलं,” मी म्हटलं. “बाळाला दिलं. त्याचा काय दोष? पण दादा, हे नाव तू तोंडातून काढायचं नाहीस. जगानं त्याला हाक मारावी, तू नाही. तू एकदा मारलीस ती बास. आहे कबूल?”

त्यानं सुनेकडे बघितलं. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, “कबूल करा, बाबा. नाहीतर नाव राहू दे.”

“कबूल,” तो म्हणाला.

काहीजण म्हणतात, फार ताणलंस. ताणलं तर ताणलं. बाबा परत आले असते तर मीही सोडून दिलं असतं.

परवा दादाच्या घरी गेले होते. पोरगं आता दुडूदुडू धावतं. बॉलमागे फाटकाकडे निघालं. दादा ओट्यावरून हाका मारतोय, “बाळा! सोन्या! राजा!” पोरगं ढुंकूनही बघेना. त्याला स्वतःचं नाव तेवढं कळतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दादाच्या गुडघ्यांना धावणं जमत नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, नाव अगदी ओठांवर आलेलं.

मी उठले, बाबांच्या नावानं जोरात हाक मारली. पोरगं गर्रकन वळलं आणि हसत माझ्याकडे धावत आलं. दादा तसाच तोंड उघडं ठेवून बसला होता.